मक्याला ठिबक आणि व्हेंच्युरी सेट वापरला, पाणीबचतीच्या दाव्यासकट खरा रिव्ह्यू

राम राम मंडळी. सिल्लोड तालुक्यात मका किती आहे ते वेगळं सांगायला नको, खरिपात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला मकाच दिसतो आणि आता इथेनॉलमुळं रब्बीचा पण पेरा वाढलाय. आमच्याकडं विहिरीवर पाच एचपीची मोटर, मध्यम काळं रान. रब्बी मक्यासाठी इनलाइन ठिबक (ड्रिपर नळीच्या आतच बसवलेले असतात ते) आणि त्याच्यासोबत खत सोडायचा व्हेंच्युरी सेट घेतला, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रार पण करायची आहे आणि मला कुणाशी वाद घालायचा नाही. ज्याला घ्यायचाय त्याला नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते जास्त कामाचं.

आधी सेट काय आहे ते सांगतो. सोळा एमएमची इनलाइन नळी, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर, ताशी २ लिटरचा. दोन नळ्यांमधलं अंतर ४ फूट आणि नळीच्या दोन्ही बाजूला मक्याची जोडओळ टोकलेली. डोक्याला स्क्रीन फिल्टर, त्याच्या आधी बायपासवर पाऊण इंची व्हेंच्युरी आणि सक्शनचा पाइप, त्याच्या टोकाला छोटी जाळी. बस एवढंच. एका एकरात साधारण ८,३०० ड्रिपर बसतात म्हणजे तासाला साडेसोळा हजार लिटर पाणी, म्हणजे सगळ्या रानावर पसरवलं तर तासाला ४ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळा हिशोब याच्यावरच आहे आणि दुकानदार हा आकडा कधीच सांगत नाही, तो फक्त "५० टक्के पाणी वाचतं भाऊ" एवढंच सांगतो.

तर ते ५० टक्क्याचं बोलू. पाणी वाचतं का? हो, विहिरीतून उपसा कमी होतो. पण मका पाणी कमी पितो का? अजिबात नाही. मक्याला हंगामात ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागतं असं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचे लोक सांगतात, आपला रब्बीचा मका थंडीत असतो म्हणून खालच्या आकड्याच्या आसपास धरा. ५०० मिलिमीटर म्हणजे एकराला २० लाख लिटर. पिकाच्या पानातून जे उडणार ते उडणारच, ठिबक असो की सरी. ठिबकानं वाचतं ते दांडात मुरणारं, मुळाच्या खाली निघून जाणारं आणि ओल्या उघड्या मातीवरून उन्हात उडणारं पाणी. सरीनं एक भरणी ७ सेंटिमीटरची धरली तर एकराला पावणेतीन लाख लिटरच्या पुढं जातं, आणि तेवढं पाणी वरच्या दीड-दोन फूट मातीत एकदम मावत नसेल तर जास्तीचं खाली जाणार. एकटं जात नाही, सोबत तुमचा युरिया घेऊन जातं. खरी मेख इथंच आहे आणि माझ्या मते हा सेट पाणी वाचवायसाठी घ्यायचाच नाही, पाणी आणि नत्र (म्हणजे युरियातलं नायट्रोजन) एकाच वेळी एकाच जागी पडावं म्हणून घ्यायचा.

आता हे जरा नीट सांगतो कारण आमच्या चुलतभावाचं आणि माझं याच्यावरून बांधावर रोज चालायचं. त्याचं रान माझ्याला लागून, बियाणं तेच, सरीनं पाणी, आणि त्या सालात त्याला युरिया वेळेवर मिळाला नाही, लिंकिंगचं (युरियासोबत दुसरा माल घ्यायची सक्ती) काहीतरी झालं, खालची पानं पिवळी पडली. नत्राची भूक असली की ती ओळखू येतेच, पानाच्या टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूनं उलट्या 'व्ही'सारखा पिवळा पट्टा आत येतो आणि खालच्या पानापासून सुरू होतो. तो मला म्हणे, "अण्णा, माझा मका एवढा बारका राह्यला, तरी पाणी तर तुझ्याइतकंच मागतोय, आठ-दहा दिवसात सुरळी धरतो." म्हणलं भाऊ, बरोबरच आहे. नत्र कमी पडलं की मका बारीक राहतो, पानं अरुंद, दोन ओळींमधली जमीन झाकत नाही. मग ऊन सरळ जमिनीवर पडतं आणि मातीतलं पाणी तसंच उडून जातं, पिकाच्या उपयोगाला येतच नाही. ज्याचं नत्र पुरेसं आहे त्याचं रान लवकर झाकतं, सावली पडते, मातीवरून कमी उडतं आणि पानातून जास्त जातं. म्हणजे एकूण पाणी दोघांचं फार वेगळं नसतं, अगदीच उपाशी ठेवला तर थोडं कमी जातं, पण दाणे मोजायला गेलं की जमीन-अस्मानाचा फरक. पाणी पानातून गेलं तर त्याचे दाणे होतात, मातीतून उडालं त्याचे काही होत नाही. त्यामुळं "माझ्या मक्यानं किती पाणी घेतलं" हा प्रश्नच अर्धा आहे, "त्या पाण्यात किती पिकवलं" हे विचारा.

उलटं पण खरं आहे बरं का. पाणी नसेल आणि युरिया भरपूर असेल तर तो युरिया मातीत पडून राहतो, कारण नत्र मुळापर्यंत पाण्यातूनच जातं. वरची माती कोरडी झाली की मका उपाशी दिसायला लागतो, माणूस जातो आणि अजून एक गोणी फोकून येतो. कोरड्या किंवा नुसत्या वरवर ओल्या जमिनीवर फोकलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो, त्याचा वास घेतलाय का कधी, डोळ्याला झोंबतो. ते तुमचं नत्र उडतंय. म्हणून पिवळं दिसलं की आधी मूठभर माती हातात घेऊन वाफसा बघायचा, गोणीचं तोंड नंतर उघडायचं.

आता प्रत्यक्ष वापराचं.

व्हेंच्युरी चालते ती दाबाच्या फरकावर. मधला वॉल्व्ह थोडा आवळला की अलीकडं दाब वाढतो, पलीकडं कमी होतो, आणि त्या फरकानं ड्रममधलं खताचं पाणी ओढलं जातं. ऐकायला सोपं. पण सेटमध्ये प्रेशर मीटर दिलेलाच नव्हता, एक पण नाही, त्याच्यामुळं वॉल्व्ह किती आवळायचा ते अंदाजपंचे. जास्त आवळला तर शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही, कमी आवळला तर सक्शनच्या पारदर्शक पाइपात पाणी जागच्या जागी हलतं आणि ड्रम तासभर तसाच. मी नंतर बाहेरून दोन मीटर घेऊन अलीकडं-पलीकडं बसवले, अलीकडं दीड किलो दाब आणि पलीकडं एक किलोच्या आसपास काटा ठेवला की सक्शन मस्त चालतं. दोन मीटरला असा काय मोठा खर्च येतो? एवढ्या मोठ्या कंपनीनं ते सेटमध्येच द्यायला काय हरकत आहे कळत नाही.

दुसरी तक्रार याच्यापेक्षा मोठी. सक्शन पाइपाला जो नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) पाहिजे तो प्लास्टिकचा आणि आतला रबर ढिला. आपल्याकडची लाइट कशी आहे माहीतच आहे, मधेच ट्रिप होते. मोटर बंद पडली की पाइपातलं पाणी उलटं विहिरीकडं पळतं आणि मुख्य लाइनीचा वॉल्व्ह पण बरोबर नसेल तर युरियाचं पाणी सरळ विहिरीत. आमच्याकडं ड्रमची पातळी उलटी वाढलेली दिसली तेव्हा लक्षात आलं की हा वॉल्व्ह पाणी अडवतच नाही. नशीब मुख्य लाइनीवरचा पितळी वॉल्व्ह दमदार होता. ज्या विहिरीचं पाणी जनावरं पितात तिथं हा विषय गमतीचा नाही, जनावराच्या पोटात जास्त युरिया गेला तर विषबाधा होते. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे कंपनीकडून असाच येतो. बदलून दिला, पण दुसरा पण तसाच निघाला, शेवटी बाहेरून घेतला. याचे पूर्ण एक स्टार कापतो.

चांगलं काय ते पण सांगतो. ड्रिपर एकसारखे आहेत. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारखेच डबे ठेवून एक तासानं मापलं, फरक अगदी थोडा. हे तुम्ही पण करून बघा, विशेषतः लांब ओळी असतील तर. कारण ठिबकात एक गोष्ट लोक विसरतात, जिथं पाणी कमी पडतं तिथं खत पण कमीच पडतं, दोन्ही एकाच भोकातून येतं. सरीत असं नसतं, हातानं फोकलेलं खत निदान पडतं तरी. म्हणून ठिबकाच्या रानात कोपऱ्यातला मका पिवळा आणि बुटका दिसला की युरिया वाढवायच्या आधी एंड कॅप उघडून नळी धुवा आणि ड्रिपर तपासा.

ड्रमचं एक सांगतो, नवीन माणसाला मजा वाटेल. युरिया पाण्यात टाकून काठीनं ढवळला की पाणी एकदम गार होतं, ड्रमच्या बाहेरून हात लावला तर माठासारखा. थंडीत सकाळी सकाळी केलं तर विरघळायला पण वेळ लागतो, म्हणून आम्ही दुपारच्या उन्हात करतो. आणि २०१५ पासून सगळा युरिया निमकोटेड म्हणजे निंबोळी तेल लावलेला आहे, त्याचा तेलकट पिवळसर तवंग वर येतो आणि जाळीला चिकटतो. सेटसोबत आलेली जाळी फार मोठ्या छिद्राची आहे, मी ड्रमच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधून गाळून घेतो. फिल्टर त्याच दिवशी धुवायचा, उद्यावर ठेवला की घट्ट बसतं.

खत कधी सोडायचं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सेटच्या पत्रकात याच्यावर दोन ओळी आहेत फक्त, त्या पण हिंदीत. आधी साधं पाणी, नळ्या भरू द्यायच्या आणि दाब स्थिर होऊ द्यायचा. मग मधल्या वेळात खत. शेवटी पंधरा-वीस मिनिटं परत साधं पाणी म्हणजे नळी धुऊन निघते. काही लोक मोटर चालू केल्या केल्या ड्रम लावतात आणि नंतर तीन-चार तास पाणी चालू ठेवतात कारण लाइट रात्रीची असते आणि उठायचा कंटाळा, हे सगळ्यात वाईट. युरिया मातीत पडल्या पडल्या पाण्यासोबत पळणारा असतो, मातीला धरून राहायला त्याला आधी अमोनियम व्हावं लागतं आणि त्याला थोडे दिवस जातात. पुढं त्याचं नायट्रेट झालं की ते पण पाण्यासोबतच चाललं. म्हणजे तुम्ही मुळाशी दिलेलं खत नंतरच्या पाण्यानं स्वतःच खाली ढकलून दिलं, सरीवाल्यात आणि आपल्यात काय फरक राह्यला मग.

पाणी किती चालवायचं? जानेवारीत आपल्याकडं तुऱ्यातल्या मक्याला दिवसाला साधारण साडेचार-पाच मिलिमीटर धरायला हरकत नाही, आणि वर सांगितलं तसं या सेटचं तासाला ४ मिलिमीटर, म्हणजे रोजचा तास-सव्वा तास किंवा एकाआड एक दिवस सव्वादोन-अडीच तास. पीक लहान असताना याच्या पाव-तिसरा हिस्सा पुरतो. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापलं की वाढवायचं. कित्येक लोक उगवणीपासून काढणीपर्यंत "रोज दोन तास" हा एकच हिशोब लावतात, मग लहानपणी पाणी आणि नत्र दोन्ही वाया जातं आणि तुऱ्यात दोन्ही कमी पडतं.

आणि नत्राचा डोस. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी धरली जाते, जास्त ताकदीच्या हायब्रीडला १५० नत्रापर्यंत. एकराला म्हणजे ४८ ते ६० किलो नत्र. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, त्यात ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नत्र. पेरताना १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाशचं मिश्र खत) च्या ५० किलोच्या दोन गोण्या दिल्या तर त्यातून १० किलो नत्र गेलं, उरलेल्याला युरिया लागतो दोन ते अडीच गोण्या. बस! आमच्या गावात चार-पाच गोण्या टाकणारे आहेत, गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते म्हणून हात सैल सुटतो. जास्तीचा युरिया मक्याला वर नेत नाही, एका मर्यादेनंतर दाणे वाढणं थांबतं, पीक लुसलुशीत होतं आणि २०१८ पासून जी अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडं आलीय तिला पोंग्यात मेजवानी.

मी तिसऱ्या आठवड्यापासून दाणे चिकात येईपर्यंत दर आठवड्याला थोडा थोडा सोडला, सुरुवातीला कमी, गुडघाभर झाल्यापासून तुऱ्यापर्यंत जास्त, मग परत कमी. कारण मका तुरा येईपर्यंत त्याच्या नत्रातलं निम्म्याहून जास्त उचलून बसलेला असतो. रंग बघायला एक सोपा जुगाड सांगतो, एका कडेला दोन ओळींना मुद्दाम हातानं जास्तीचा युरिया देऊन ठेवायचा. बाकी रान त्या दोन ओळींइतकंच हिरवं दिसतंय तोपर्यंत ड्रम भरायची घाई नाही, फिकं दिसायला लागलं की सोडायचा. पंजाबात लुधियानाच्या विद्यापीठानं मक्यासाठी पानाच्या रंगाचा तक्ता वापरायला सांगितलाय, तो मिळाला तर उत्तम.

तुऱ्याच्या वेळेचं मात्र कुणाचंच ऐकू नका. पाणी असो की नत्र, या टायमाला कमी पडलं की तुरा वेळेवर निघतो पण कणसाचे केस उशिरा बाहेर येतात. वरचा पराग झडून गेला आणि खाली केसच नाहीत, मग दाणे भरणार कुठून, कणसाचा शेंडा रिकामा आणि मधे पण दात पडल्यासारखी भोकं. चुलतभावाच्या रानात हेच झालं. त्याच्या कणसाची सालपटं काढली तर वरचा तिसरा भाग नुसता बुरकुंडा. मी त्या पंधरवड्यात मोटर बिघडली तरी शेजारून पाणी मागून घेतलं असतं, इतकं महत्त्वाचं आहे ते.

आता ज्याच्या विहिरीत पाणीच कमी आहे त्यानं काय करावं, हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. सेट घ्या, पण नत्र पाण्याच्या हिशोबानं कमी करा. पूर्ण डोस देऊन मका सुरुवातीला जोरात वाढवला तर त्याची भरपूर पानं विहीर डिसेंबरातच आटवणार आणि तुऱ्यात तुम्ही कोरडे. त्यापेक्षा रानच कमी करा, दोन एकराऐवजी एकच एकर लावा पण त्याला पाणी आणि खत दोन्ही पुरतं द्या. दोन एकर अर्धपोटी ठेवण्यात दोन एकराच्या उघड्या मातीवरून पाणी उडतं, बियाणं आणि मजुरी डबल जाते ती वेगळीच. हे दुकानदार सांगणार नाही, त्याला नळी जास्त विकायचीय.

खर्चाचं लवकर उरकतो. ठिबकाला केंद्राचं अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५, त्यावर राज्याचं पूरक धरून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी करायची नाही. मक्याचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला २,४०० रुपये होता, बाजारात ओलाव्याच्या नावाखाली काय भाव लावतात ते तुम्हाला माहितीय. नुसत्या मक्यावर ठिबकाचे पैसे एका हंगामात निघतील असं कुणी म्हणलं तर विश्वास ठेवू नका, त्याच नळीवर पुढं मिरची किंवा अद्रक घेणार असाल तर हिशोब बसतो.

माझं रेटिंग: नळी आणि ड्रिपर ५ पैकी साडेचार, व्हेंच्युरी स्वतः ४, त्याच्यासोबतचं फिटिंग दीड, पत्रक शून्य. घेताना दुकानदाराला बिलावर लिहून द्यायला लावा की दोन प्रेशर मीटर, पितळी नॉन-रिटर्न वॉल्व्ह आणि बारीक जाळी सेटमध्ये आहे. नाही म्हणला तर तेवढे पैसे कमी करून घ्या आणि ते सामान बाहेरून आणा. आणि पाऊण इंचीऐवजी एक इंची व्हेंच्युरी मिळत असेल तर आधी स्वतःच्या मोटरचा दाब मापून मगच घ्या, कमी व्होल्टेजच्या गावात मोठी व्हेंच्युरी ओढतच नाही. कुणाकडं एक इंची चालू असेल तर कमेंटमध्ये मोटर किती एचपीची आणि काटा कितीवर ठेवता ते नक्की लिहा, मला पुढच्या रब्बीला दुसऱ्या एकराला बसवायचीय.